छावणी आणि मशीद यांच्या मधोमध

३ जुलै २०१३ च्या रात्री इजिप्तचे संरक्षणमंत्री व सरसेनापती जनरल अब्देल फतह अल-सिसी यांनी दूरचित्रवाणीवरून राज्यघटना स्थगित केल्याची आणि अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना पदावरून दूर केल्याची घोषणा केली. खुल्या निवडणुकीतून त्या देशाच्या अध्यक्षपदी आलेले मोर्सी हे पहिलेच गृहस्थ होते आणि ते मुस्लिम ब्रदरहूडचे होते. तेव्हा लष्कराने धर्मवाद्यांची सत्ता उलथून टाकली, असा या घटनेचा सरळ अर्थ अनेकांनी लावला. पण त्या रात्रीचे दृश्य ज्यांनी नीट पाहिले असेल त्यांना हा अर्थ पुरेसा वाटणार नाही. जनरलच्या बाजूला अल-अझर या हजार वर्षांच्या विद्यापीठाचे प्रमुख शेख अहमद अल-तय्यब बसले होते. कॉप्टिक ख्रिस्ती चर्चचे पोप तवाद्रोस बसले होते. आणि ब्रदरहूडहूनही कर्मठ अशा सलाफी मंडळींच्या नूर पक्षाचे प्रतिनिधीही बसले होते. धर्म त्या सभागृहातून बाहेर गेला नव्हता. तो जनरलच्या शेजारी येऊन बसला होता.

उदारमतवाद्यांचे पुढारी मोहम्मद अल-बरादेई, न्यायसंस्थेचे प्रमुख आणि मोर्सींविरुद्ध सह्यांची मोहीम चालविणारे तरुणही तेथे उपस्थित होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची. लाखो सभासदांची, स्वतःच्या निवडणुका आणि स्वतःचा निधी असलेली, आणि म्हणूनच अध्यक्ष व जनरल या दोघांनाही खडसावू शकेल अशी एकही स्वायत्त संघटना त्या सभागृहात नव्हती. कारण ती देशातच नव्हती. ती का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे अरब जगातील हुकूमशाही, तिच्याविरुद्धची आंदोलने आणि राजकारणातला इस्लाम यांचे परस्परसंबंध बऱ्याच अंशी उलगडतात.

या विषयावर आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. पहिले मत असे, की इस्लाम आणि लोकशाही यांचे मुळातच जमत नाही. तेथे एक तर लष्करशहा राहणार किंवा मुल्ला राहणार. दुसरे मत याच्या नेमके उलट. धर्माच्या नावाने उठणारी चळवळ हीच तेथील दडपलेल्या जनतेची खरी वाणी होय, तिला मोकळीक मिळाली की लोकशाही आपोआप अवतरेल, असे ते सांगते. ही दोन्ही मते धर्मग्रंथाकडे किंवा लोकस्वभावाकडे बोट दाखवितात आणि संस्थांकडे पाहण्याचे टाळतात. वस्तुतः पाहायचे ते हे, की माणसांना एकत्र जमण्यासाठी, वर्गणी गोळा करण्यासाठी, पुढारी निवडण्यासाठी आणि गाऱ्हाणे मांडण्यासाठी कोणकोणती घरे उघडी होती. सर्व घरांना कुलपे लावल्यावर जे एक घर बंद करता येत नाही, त्याच घरात सारा असंतोष गोळा होतो. त्यावरून त्या घराच्या सामर्थ्याचा अंदाज बांधण्यापूर्वी बाकीच्या घरांची कुलपे मोजली पाहिजेत.

इजिप्तमध्ये ही कुलपे कोणी लावली? आपल्या पिढीला जड वाटेल असे हे उत्तर आहे. बांडुंग परिषद, सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण आणि नेहरूंशी असलेला स्नेह यांमुळे गमाल अब्देल नासर हे नाव भारतात मोठ्या आदराने घेतले जात असे, आणि त्या आदराला कारणेही होती. जमीनदारी खिळखिळी करणारा, शिक्षण मोफत करणारा तो पुढारी होता. तथापि २३ जुलै १९५२ च्या लष्करी क्रांतीनंतर तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच अलेक्झांड्रियाजवळच्या कफ्र अल-दव्वार येथील कापड कामगारांनी संप केला, तेव्हा लष्करी न्यायालयाने मुस्तफा खमीस आणि मोहम्मद अल-बकरी या दोन कामगारांना फाशी ठोठावली आणि सप्टेंबरात ती अमलातही आली. जानेवारी १९५३ मध्ये राजकीय पक्ष विसर्जित झाले. ऑक्टोबर १९५४ मध्ये नासर यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यानंतर ब्रदरहूडचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९५७ मध्ये कामगार संघटनांचा एकच महासंघ स्थापन झाला, पण तो सरकारच्या दावणीला बांधलेला. १९६१ च्या कायद्याने अल-अझर सरकारच्या ताब्यात आले. १९६४ च्या कायद्याने वाचनालयापासून धर्मादाय मंडळापर्यंत प्रत्येक संस्था सरकारी खात्याच्या मर्जीवर जगू लागली.

याच्या मोबदल्यात राज्यकर्त्यांनी जनतेशी एक अलिखित करार केला. प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरी, गरिबाला स्वस्त रोटी, मुलांना फुकट शिक्षण; आणि या सर्वांच्या बदल्यात मौन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या करारातील व्यंग चटकन दिसेल. त्यातील राज्यकर्त्यांचा हप्ता दरवर्षी वाढत जाणारा होता आणि तो भागविणारे उत्पन्न त्या वेगाने वाढत नव्हते. हप्ता थकला तरी जनतेने आपले मौन मात्र पूर्वीसारखेच पाळावे, अशी अपेक्षा होती. साधी अडचण अशी, की करार बदलायचा तर बोलणी करावी लागतात, आणि बोलणी करायला समोर कोणी तरी प्रतिनिधी असावा लागतो. प्रतिनिधी तर सारे आधीच मोडीत काढलेले होते.

जानेवारी १९७७ मध्ये हेच घडले. अन्वर सादात यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहाखातर नित्याच्या खाद्यवस्तूंवरील अनुदाने कमी केल्याची घोषणा १७ जानेवारीस केली आणि १८ व १९ तारखांना अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत शहरे पेटली. सुमारे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली, सैन्य रस्त्यावर आणावे लागले आणि सरकारने अनुदाने मुकाट्याने पूर्ववत केली. सादात यांनी या उठावाला ‘चोरांचे बंड’ म्हटले. मधे कोणी बोलणारा नसला म्हणजे राज्यकर्ता आणि प्रजा यांचा संवाद असाच दगडगोट्यांनी आणि गोळ्यांनी होतो.

सादात यांनी या प्रसंगातून जो धडा घेतला तो मात्र विपरीत होता. डाव्या मंडळींचे आणि नासरवाद्यांचे बळ मोडण्यासाठी त्यांनी ब्रदरहूडच्या कैद्यांना आधीच सोडले होते आणि विद्यापीठांत धार्मिक विद्यार्थी गटांना मोकळे रान दिले होते. १९८० मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून शरियतची तत्त्वे हा कायद्याचा प्रमुख आधार असल्याचे त्यांनी घोषित केले. म्हणजे धर्म राजकारणात आणणारी पहिली मोठी सत्ता मशिदीची नव्हती, ती अध्यक्षांच्या प्रासादाचीच होती. पुढे हे प्रकरण हाताबाहेर जाऊ लागल्यावर सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी धर्मवादी, डावे, ख्रिस्ती धर्मगुरू, पत्रकार असे दीड हजारांहून अधिक विरोधक एकाच वेळी गजाआड टाकले. ६ ऑक्टोबर रोजी लष्करी संचलनाच्या वेळी जिहादी गटातील सैनिकांनी त्यांची हत्या केली. त्यानंतर लागू झालेली आणीबाणी मे २०१२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, उठली नाही.

होस्नी मुबारक यांच्या या दीर्घ राजवटीत जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. सरकारी दवाखाने ओस पडत होते. सरकारी शाळांतील शिक्षक पगार पुरत नाही म्हणून शिकवण्या घेत होते. तेलाच्या भाववाढीनंतर आखाती देशांत गेलेल्या इजिप्शियन नोकरदारांचा पैसा मायदेशी येत होता आणि त्यातून खाजगी मशिदी, त्यांच्या जोडीने दवाखाने, शिकवणी वर्ग, विधवांना मदत देणारी मंडळे उभी राहत होती. ब्रदरहूडने या क्षेत्रात चिकाटीने काम केले. ऐंशीच्या दशकात त्याचे लोक डॉक्टर, अभियंते, औषधशास्त्रज्ञ यांच्या व्यावसायिक संघटनांत निवडून येऊ लागले आणि १९९२ मध्ये वकिलांची संघटनाही त्यांच्या हाती आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कैरोला भूकंपाचा धक्का बसून पाचशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या संघटनांचे तंबू, औषधे आणि घोंगड्या सरकारी मदतीच्या आधी पोहोचल्या. सरकारने यावर केलेला उपाय म्हणजे परवानगीवाचून मदतनिधी गोळा करण्यास बंदी!

१९९३ मध्ये सरकारने आणखी एक कायदा केला. व्यावसायिक संघटनेच्या निवडणुकीत निम्म्या सभासदांनी मतदान केले नाही तर ती निवडणूक रद्द, आणि फेरनिवडणुकीतही ठरावीक गणपूर्ती झाली नाही तर कारभार न्यायाधीशांकडे. संसदेच्या निवडणुकीला मात्र असा कोणताही दंडक लावलेला नव्हता. या कायद्याने अभियंत्यांसारख्या संघटना वर्षानुवर्षे ठप्प झाल्या. वास्तविक या संघटनांत ब्रदरहूडच्या मंडळींना हिशेब सादर करावे लागत होते, विरोधकांशी तडजोडी कराव्या लागत होत्या आणि ‘इस्लाम हेच उत्तर’ या घोषणेपलीकडे जाऊन विम्याचे व निवृत्तिवेतनाचे प्रश्न सोडवावे लागत होते. राजकारणाची शाळा ती हीच. सरकारने ती शाळा बंद केली आणि ब्रदरहूडला पुन्हा आपल्या शपथबद्ध, गुप्त आणि आज्ञाधारक घडणीकडे ढकलले.

याचा अर्थ ब्रदरहूड ही दडपलेल्या लोकशाहीवाद्यांची संघटना होती असा मुळीच नव्हे. हसन अल-बन्ना या शाळामास्तराने १९२८ मध्ये इस्मायलिया येथे स्थापन केलेल्या या संघटनेत आज्ञापालनाला विचारापेक्षा वरचे स्थान राहिले. २००७ मध्ये तिने पक्षाचा जो मसुदा प्रसृत केला, त्यात स्त्री किंवा ख्रिस्ती व्यक्ती देशाची अध्यक्ष होऊ शकणार नाही आणि कायद्यांची छाननी धर्मपंडितांचे मंडळ करील, अशी कलमे होती. भूमिगत जीवनाने संघटनेला चिवटपणा येतो, पण त्याबरोबरच संशय, गोपनीयता आणि ‘आपले’ व ‘परके’ ही भावनाही तिच्या हाडीमांसी खिळते. हुकूमशाही आपल्या विरोधकांना नुसती दडपत नाही. ती त्यांना आपल्यासारखे घडवते.

तरीही त्या ओसाडीत एक वेगळे रोप उगवू पाहत होते, आणि त्याची दखल जगाने फारशी घेतली नाही. डिसेंबर २००६ मध्ये महल्ला अल-कुब्रा येथील सरकारी कापडगिरणीतील वीस हजारांहून अधिक कामगारांनी कबूल केलेल्या बोनससाठी संप केला; त्याची सुरुवात शिवणखात्यातील स्त्रियांनी केली होती. पुढील वर्षी मालमत्ता कर गोळा करणारे सरकारी कारकून हजारोंच्या संख्येने कैरोत मंत्रिमंडळाच्या कचेरीसमोर दहा-अकरा दिवस बायकामुलांसह ठाण मांडून बसले. अर्थखात्यातील कारकुनांइतका पगार द्या, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली. पुढे २००८ च्या अखेरीस त्यांनी स्वतःची संघटना स्थापन केली. गेल्या अर्धशतकात सरकारी महासंघाबाहेर उभी राहिलेली ही पहिली कामगार संघटना होती. या कारकुनांत नमाजी होते, डावे होते, बुरखाधारी स्त्रिया होत्या. त्यांनी धर्माचा झेंडा घेतला नाही आणि धर्माला विरोधही केला नाही. पगाराचा प्रश्न त्यांनी पगाराच्या भाषेत मांडला. मशिदीवाचून दुसरे घर मिळाले की सामान्य मुसलमान नागरिक त्या घरात जातो, हे सिद्ध करायला याहून वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

पण रोप लहान होते आणि वादळ लवकर आले. २५ जानेवारी २०११ रोजी सुरू झालेल्या उठावाने अठरा दिवसांत मुबारक यांना पायउतार केले. तहरीर चौकात जमलेले लाखो लोक कोणत्याच एका संघटनेचे नव्हते. हे त्यांचे बळ होते तसेच दुबळेपणही. चौक भरता येतो, पण चौकाला निवडणूक लढविता येत नाही. निवडणुका आल्या तेव्हा गावोगाव कार्यकर्ते, पैसा आणि शिस्त असलेली संघटना एकच होती. ब्रदरहूडच्या आघाडीला निम्म्याजवळ आणि सलाफींना सुमारे एक चतुर्थांश जागा मिळाल्या. जून २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या अखेरच्या फेरीत मतदारांपुढे दोनच नावे उरली: ब्रदरहूडचे मोर्सी आणि हवाई दलाचे माजी प्रमुख अहमद शफीक. एकीकडे मशीद, एकीकडे छावणी. साठ वर्षांच्या मशागतीचे पीक मतपत्रिकेवर उभे होते. मोर्सी ५१.७ टक्के मतांनी निवडून आले.

सत्ता हाती येताच मोर्सींनी २२ नोव्हेंबर २०१२ रोजी आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा फतवा काढला. त्यांच्यावर अंकुश ठेवील अशी तिसरी शक्ती नसल्याने भयभीत झालेले उदारमतवादी लष्कराकडे धावले. त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी कैरोतील रबा चौकात ठिय्या देऊन बसलेल्या मोर्सी समर्थकांवर सशस्त्र कारवाई झाली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या अहवालानुसार त्या एका चौकात किमान ८१७ माणसे मारली गेली. ज्यांनी त्या वेळी ‘ही तर धर्मांधांची शिक्षा’ म्हणून मान फिरविली, त्यांच्यासाठी नोव्हेंबरात निदर्शनबंदीचा कायदा आला आणि त्याखाली २०११ च्या उठावातील तरुण पुढारीच तुरुंगात गेले. कर-कारकुनांचे नेते कमाल अबू ऐता लष्कराने नेमलेल्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाले खरे, पण स्वतंत्र संघटनांना संरक्षण देणारा कायदा काही झाला नाही. उलट २०१७ च्या कायद्याने त्यांच्या अस्तित्वावरच घाला घातला. मोर्सी जून २०१९ मध्ये न्यायालयातच कोसळून मरण पावले.

आता ट्युनिशियाकडे पाहू. तोही अरब, तोही मुसलमान, तोही दीर्घ हुकूमशाहीखाली भरडलेला देश. हबीब बुर्गिबा आणि त्यांच्यानंतर झैन अल-अबिदिन बेन अली यांनी विरोधकांना छळण्यात कसूर केली नव्हती. राशिद घनुशी यांच्या एन्नाहदा या इस्लामी पक्षाचे हजारो कार्यकर्ते तेथेही तुरुंगात खितपत पडले. पण एक फरक होता. फ्रेंच अमदानीत, जानेवारी १९४६ मध्ये, फरहात हशाद यांनी स्थापन केलेली कामगारांची सर्वसाधारण संघटना स्वातंत्र्यलढ्यातच मोठी झाली होती. हशाद यांचा १९५२ मध्ये खून झाला. त्यामुळे बुर्गिबांना ती संघटना दडपता आली, तिचे पुढारी विकत घेता आले, जानेवारी १९७८ च्या सार्वत्रिक संपानंतर त्यांना तुरुंगातही टाकता आले. पण तिला मुळासकट उपटता आले नाही. वरचे पुढारी राजवटीशी जुळवून घेत असतानाही जिल्ह्याच्या गावी शिक्षकांच्या, टपाल कारकुनांच्या, खाण कामगारांच्या शाखा जिवंत राहिल्या.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद येथे मोहम्मद बुआझिझी या हातगाडीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा त्या गावातील संतापाला वळण देणारे प्रारंभीचे कार्यकर्ते याच शाखांतील, विशेषतः शिक्षक संघटनांतील, होते. १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली देश सोडून पळाले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत २१७ पैकी ८९ जागा मिळवून एन्नाहदा पहिला आला. २०१३ मध्ये शुक्री बेलाईद आणि मोहम्मद ब्राह्मी या दोन विरोधी पुढाऱ्यांचे खून झाले आणि देश इजिप्तच्याच वाटेने निघाला, असे वाटू लागले. त्या वेळी कामगार संघटना, उद्योजकांचा महासंघ, मानवी हक्क संघ आणि वकिलांची संघटना अशा चौघांनी दोन्ही पक्षांना एका मेजाशी आणले. एन्नाहदाने शरियतचा आग्रह आधीच सोडला होता. आता त्याने सरकारही सोडले. जानेवारी २०१४ मध्ये २१६ पैकी २०० प्रतिनिधींनी नव्या घटनेला मान्यता दिली. २०१५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक या चौघांना मिळाले. गिरणीमालक आणि गिरणी कामगार यांच्या संघटनांनी मिळून देश सावरावा, हे दृश्य जगात फार वेळा दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की ट्युनिशियाचे सैन्य लहान, इजिप्तसारखे कारखाने आणि जमिनी बाळगणारे नव्हे. देश लहान, आणि घनुशींना शेजारच्या रक्तपाताने शहाणपण शिकविले. हे सारे खरे आहे. त्याहून मोठा आक्षेप असा, की ट्युनिशियातही लोकशाही टिकली नाही. घटनाशास्त्राचे प्राध्यापक कैस सईद २०१९ मध्ये अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२१ रोजी त्यांनी संसद गोठविली. २०२२ मध्ये जेमतेम तीस टक्के मतदानात नवी घटना संमत करून घेतली. एप्रिल २०२३ मध्ये घनुशींना अटक झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद नव्वद टक्क्यांहून अधिक मते घेऊन पुन्हा निवडून आले, पण मतदानाला आले तीस टक्क्यांहून कमी मतदार.

हा आक्षेप टाळून चालणार नाही. माझ्या विवेचनाची मर्यादा त्यातून स्पष्ट होते. स्वायत्त संघटना लोकशाहीला आणतात आणि वाचवतात, पण तिला जेवू घालू शकत नाहीत. क्रांतीनंतरच्या दशकात ट्युनिशियात नऊ-दहा मंत्रिमंडळे झाली आणि बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा वर रेंगाळत राहिली. कामगार संघटनेने सरकारी नोकरांचे वेतन राखले. सिदी बुझिदच्या हातगाडीवाल्याचे भाऊबंद मात्र तिचे सभासदच नव्हते. संसदेत मशिदीचे आणि मशिदीबाहेरचे पक्ष सत्तावाटपात रमले. म्हणूनच सईद यांनी संसदेला टाळे ठोकले तेव्हा रस्त्यावर आनंद झाला आणि संघटनेनेही प्रारंभी सावध मौनच पाळले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सईद यांच्या घटनेने इस्लामचे हेतू साध्य करण्याचे काम एकट्या राज्यसंस्थेकडे सोपविले. धार्मिक पक्षाचा पुढारी तुरुंगात आणि धर्म अध्यक्षांच्या हाती, ही वाटणी नासर-सादात यांना चांगलीच ओळखीची होती.

ज्यांना अजूनही हा सारा खेळ इस्लामच्या स्वभावाचा वाटतो त्यांनी इराणकडे पाहावे. शहाने मार्च १९७५ मध्ये सर्व पक्ष मोडून एकच पक्ष ठेवला, आणि चार वर्षांत मशिदीच्या वाटेने त्याचे राज्य गेले. पण नंतर मशीदच सत्तेवर बसली. जानेवारी २००६ मध्ये तेहरानच्या बसचालकांनी स्वतंत्र संघटनेसाठी संप पुकारला, तेव्हा धर्मसत्तेने शेकडोंना पकडले. त्यांचे नेते मन्सूर ओसान्लू यांनी वर्षे तुरुंगात काढली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत मृत्यू झाल्यावर जो उठाव झाला त्यात स्त्रियांनी डोक्यावरचे वस्त्रच जाळले. जेथे राज्यकर्ता पाश्चात्य पोशाखात असतो तेथे बंड धर्माचा अंगरखा घालते; जेथे राज्यकर्ताच तो अंगरखा घालतो तेथे बंड तो फेडून फेकते. बंडाचे कारण दोन्हीकडे एकच.

इजिप्तमध्ये आज शुक्रवारच्या प्रवचनाचा विषय सरकारी वक्फ खाते ठरविते. २०१९ च्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष सिसी यांना २०३० पर्यंत पदावर राहण्याची वाट मोकळी झाली. जून २०२४ मध्ये अनुदानित रोटीची किंमत पाच पियास्तरांवरून वीस झाली. तीस वर्षांहून अधिक काळात तिला हात लावण्याचे धाडस कोणी केले नव्हते. या वेळी १९७७ सारखा वणवा पेटला नाही. यावरून असंतोष विझला असे राज्यकर्त्यांना वाटत असेल, तर ते १६ जानेवारी १९७७ च्या शांततेकडे पाहून सादात यांनी बांधलेल्या अंदाजासारखेच होईल. आता तर मशिदीचे घरही सरकारी कुलपात आहे. उद्याचा असंतोष कोणत्या दाराने बाहेर येईल, हे त्यामुळेच सांगता येत नाही. पण दार जितके अरुंद, तितका लोंढा विध्वंसक.

आपल्याकडील एकवीस महिन्यांची आणीबाणी संपली तेव्हा पक्ष, कामगार संघटना आणि वृत्तपत्रे पुन्हा उभी राहिली. कारण त्यांची मुळे जमिनीत शाबूत होती. इजिप्तमध्ये हीच मुळे साठ वर्षे उपटली जात होती. शिक्षकांच्या किंवा कारकुनांच्या संघटनेची वार्षिक सभा ही काही रोमहर्षक गोष्ट नव्हे. जमाखर्च वाचला जातो, कोणी तरी चहाच्या खर्चावर आक्षेप घेतो, आणि गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. या कंटाळवाण्या सभेत माणूस एक गोष्ट शिकतो: आपल्याशी न पटणाऱ्या माणसाबरोबर एकाच ठरावावर सही कशी करावी. कैरोतील कर-कारकून अकरा दिवसांच्या थंडीत तेच शिकले होते. त्यांना आणखी वीस वर्षे मिळाली असती, तर मतपत्रिकेवर कदाचित तिसरे नाव असते.